फी, हप्ता आणि विधिमंडळ

साशंक : राज्याच्या विधिमंडळाने गेल्या दहापंधरा वर्षांत शिक्षणाच्या खर्चाला आणि सावकारीला आळा घालण्यासाठी जे कायदे केले, त्यांविषयी आपण एवढ्या विश्वासाने बोलता याचे मला नवल वाटते. शाळांच्या फीचे नियमन करणारा कायदा २०११ साली संमत झाला आणि २०१४ च्या अखेरीस अंमलात आला. त्याच २०१४ साली १९४६ चा मुंबई सावकार अधिनियम जाऊन त्याच्या जागी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. आणि लगेच २०१५ साली विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांतील प्रवेश व शुल्क यांचा कायदा झाला. कागदावर पाहिले तर एवढी तरतूद पुरेशी वाटावी. तथापि जून महिन्याच्या तोंडावर ज्या घरात दोन मुलांच्या फीचा आकडा येऊन पडतो, त्या घरातील कर्त्या माणसाला विचारा की या तिहींपैकी कोणता कायदा तुझ्या उपयोगी पडला, तर तो बहुधा एकाचेही नाव सांगू शकणार नाही. तो नाव सांगेल ते पतसंस्थेचे, सोनेतारणाचे, आणि अलीकडे शाळेच्याच कचेरीत बसून फीचे हप्ते बांधून देणाऱ्या वित्तसंस्थेच्या प्रतिनिधीचे.

पुरस्कर्ता : कायद्याचे नाव ठाऊक नसले म्हणजे त्याचे संरक्षण मिळत नाही, असे मी मानत नाही. व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रक्कम वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याकडची कुळे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. तो कोणत्या स्मृतीत आहे हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल, पण इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो मानला आणि २०१४ च्या अधिनियमातही तो कायम आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट १८७५ सालची. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हस्तगत करावेत आणि जाळून टाकावेत, हेच त्या उठावाचे प्रधान अंग होते. चार वर्षांनी, म्हणजे १८७९ साली, दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला आणि त्याने न्यायाधीशाला असा अधिकार दिला की, रोख्यावर लिहिलेला आकडा प्रमाण न धरता त्यामागचा सगळा व्यवहार आरंभापासून तपासावा. प्रत्यक्ष किती रक्कम ऋणकोच्या हाती पडली, किती व्याज मुद्दलात मिसळले गेले, हे पाहावे आणि मग निवाडा करावा. दस्तऐवजावर सही आहे एवढ्यावरून व्यवहार न्याय्य ठरत नाही, ही गोष्ट या प्रांताने तेव्हापासून कायद्यात आणली. आजच्या अधिनियमाखाली अवैध सावकाराने बळकावलेली जमीन जिल्हा निबंधक चौकशीअंती मूळ मालकास परत देववू शकतो, तो त्याच विचाराचा वारसा आहे. आणि व्याजाचे दरही मोघम ठेवलेले नाहीत : परवानाधारक सावकाराने शेतकऱ्यास तारणी कर्जावर दरसाल ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के, इतरांस अनुक्रमे १५ आणि १८ टक्के, याहून अधिक व्याज आकारू नये असे शासनाने ठरवून दिले आहे.

साशंक : आपण जो वारसा सांगितला तो मला मान्य आहे, माझा प्रश्न त्या वारशाच्या आजच्या हद्दीविषयी आहे. सावकारी हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत असला, तरी ज्या संस्थांकडून आजचा पगारदार माणूस कर्ज घेतो, त्या संस्था सावकार नाहीत. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेडुम्पिल्ली फायनान्सच्या प्रकरणात केरळ आणि गुजरात या राज्यांच्या सावकारी कायद्यांचा विचार करताना असे ठरविले की, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँकेतर वित्तसंस्थेस राज्याचा सावकारी कायदा लागू होत नाही. तिच्या जन्मापासून अंतापर्यंतचे नियंत्रण मध्यवर्ती कायद्याने रिझर्व्ह बँकेकडे दिले आहे. म्हणजे ९, १२, १५ आणि १८ हे जे आकडे आपण सांगितलेत, ते गावातील सोनारास किंवा परवाना घेऊन व्यवसाय करणाऱ्या सावकारास बांधतात. ज्याच्या भ्रमणध्वनीवरील एका संमतीने खात्यातून दरमहा परस्पर हप्ता वळता होतो, त्या संस्थेस ते स्पर्शही करीत नाहीत. जुन्या काळच्या ऋणकोला राज्याने संरक्षण दिले आणि नव्या काळचा ऋणको राज्याच्या हाताबाहेर गेला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता फीच्या कायद्याकडे या. त्याची रचना वाचताना फार लोकशाहीची वाटते. व्यवस्थापनाने वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी प्रस्तावित फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी; त्या समितीवरील पालक चिठ्ठ्या टाकून निवडावेत, म्हणजे व्यवस्थापनाला आपली माणसे बसवता येणार नाहीत; ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलू नये; दोघांच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांहून अधिक अंतर पडले तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जावे. पुढे झालेल्या दुरुस्तीने पालकांनाही त्या समितीकडे दाद मागण्याची वाट करून दिली, पण ती एकट्या पालकास नाही; पंचवीस टक्के पालक एकत्र आले तरच. बाराशे मुलांची शाळा असेल, तर तीनशे मुलांच्या पालकांनी आपली नावे लिहून, सह्या करून, ज्या शाळेत आपली मुले रोज सात तास बसतात तिच्याविरुद्ध फिर्याद करायची. सांगा, हे किती ठिकाणी घडेल? पालक भित्रा आहे म्हणून तो सही करीत नाही असे मी म्हणणार नाही. आपल्या मुलाकडे वर्गात कोणत्या नजरेने पाहिले जाईल, याचा तो विचार करतो, आणि तो विचार करणे हा त्याचा धर्मच आहे.

पुरस्कर्ता : पंचवीस टक्क्यांच्या अटीचे समर्थन मी करणार नाही. खोट्या तक्रारींनी संस्था बेजार होऊ नयेत हा हेतू असेलही. परंतु शुल्काचा हिशेब तपासून घेण्याचा हक्क ही जर न्याय्य गोष्ट असेल, तर ती एका पालकालाही असली पाहिजे. कोणता आमदार एवढी एकच दुरुस्ती अशासकीय विधेयकाच्या रूपाने मांडील, तर ते विधेयक संमत न झाले तरी त्यावरची चर्चा उपयोगाची होईल. मात्र आपल्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर देताना मला असे सुचवायचे आहे की, आपण फी आणि कर्ज या दोन वस्तू वेगवेगळ्या धरून चालला आहात. विधिमंडळाची चूकही हीच झाली. फीचा प्रश्न शिक्षण खात्याकडे, सावकारीचा सहकार खात्याकडे. तारांकित प्रश्न एका मंत्र्यास, लक्षवेधी सूचना दुसऱ्या मंत्र्यास. घरच्या जमाखर्चात मात्र या दोन्ही रकमा एकाच पानावर येतात, आणि अलीकडे तर त्या एकाच टेबलावर जन्म घेतात.

ते टेबल जरा जवळून पाहा. समजा, एका वर्षाची फी १,००,००० रुपये आहे. जो पालक सगळी रक्कम एकरकमी भरील त्याला ८,००० रुपयांची सूट. ज्याला ते शक्य नाही, त्याला बारा महिन्यांचे हप्ते, दरमहा ८,३३३ रुपये, आणि वर मोठ्या अक्षरांत आश्वासन की व्याज शून्य टक्के. पालक सही करतो. त्याला वाटते की आपण शाळेकडून मुदत घेतली. वस्तुतः त्याने एका वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलेले असते, शाळेला तिची रक्कम पहिल्याच आठवड्यात पोहोचलेली असते, आणि पालकाच्या हाती पावती म्हणून जो कागद येतो तो कर्जाचा करार असतो. आता १८७९ च्या न्यायाधीशाप्रमाणे कागदामागे जाऊ. ज्या शिक्षणाची रोखीची किंमत ९२,००० आहे, त्यासाठी हा मनुष्य बारा हप्त्यांत १,००,००० देत आहे. महिन्याला सुमारे १.३ टक्के, म्हणजे दरसाल साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास व्याज त्या शून्यात दडलेले आहे. परवानाधारक सावकाराने तारणावर घ्यावयाचा दर १५ टक्के आहे हे ध्यानात घ्या. व्याजाविना हप्ता ही कल्पनाच खोटी आहे, ते कोठे तरी किमतीत मिसळलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. तेव्हा प्रश्न दूरदर्शन संचांचा आणि शीतकपाटांचा होता. आज तो पहिलीच्या वर्गाचा आहे.

साशंक : हे गणित मला पटले, आणि पटले म्हणूनच माझी शंका अधिक दृढ झाली. फीचे नियमन करणारी समिती विचारील की १,००,००० ही रक्कम वाजवी आहे काय. ती वाजवी ठरली की तिचे काम संपले. रिझर्व्ह बँक विचारील की कर्ज देणाऱ्या संस्थेने नियम पाळले काय. २०२२ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांनी आणि त्यानंतरच्या निर्देशांनी कर्जाच्या अटींचे तपशीलपत्रक दिले पाहिजे, एकूण वार्षिक खर्चाचा दर सांगितला पाहिजे, कर्ज घेतल्यावर विचार बदलण्याची थोडी मुदत दिली पाहिजे, असे सांगितले आहे. ते पत्रक शाळेच्या कचेरीत, मागे रांग उभी असताना, एका पडद्यावर बोटाने सरकवून पालकाने वाचले असे समजून पुढे जायचे. रोखीची किंमत आणि हप्त्यांची किंमत यांतील अंतर हे तिच्या दृष्टीने शाळेने दिलेली सूट. शुल्क समितीच्या दृष्टीने ते वित्तसंस्थेचे प्रकरण. दोन्ही पहारेकरी जागे आहेत आणि दोघांच्या मधली भिंत मोकळी आहे.

त्यात खाजगी शिकवण्या धरा. लातूरला, पुण्याला, नांदेडला अकरावी-बारावीसाठी जाणाऱ्या मुलाच्या बापाला शाळेच्या फीहून शिकवणीची आणि खोलीभाड्याची चिंता अधिक असते, आणि २०११ चा कायदा शिकवणीच्या वर्गाला लागूच नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या की मुलगा मध्येच वर्ग सोडील तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. पण सूचना ही सूचनाच, आणि फी परत मिळाली तरी त्या फीसाठी घेतलेले कर्ज आपोआप मिटत नाही. मुलगा घरी परत आलेला आहे आणि हप्ता मात्र पाच तारखेला कापला जात आहे, अशी घरे मी पाहिली आहेत.

पुरस्कर्ता : शिकवणीच्या बाबतीत एक दार उघडे आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये विनायक मिशन विद्यापीठाच्या प्रकरणात असे ठरविले की शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, पण शिकवणीचे वर्ग मात्र येतात. म्हणजे विचित्र अवस्था अशी की शिकवणीकडून फसलेला पालक ग्राहक ठरतो आणि शाळेकडून फसलेला ठरत नाही. ही विचित्रता राज्याचे विधिमंडळ आपल्या बाजूने कमी करू शकते, आणि माझ्या सगळ्या उमेदीचा पाया येथेच आहे. कर्ज देणाऱ्यावर राज्याचा हात चालत नाही हे नेडुम्पिल्लीने सांगितले. परंतु शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, आणि शिक्षणसंस्थेवर राज्याचा हात निःसंशय चालतो. तेव्हा कायदा शिक्षणसंस्थेशी बोलेल : फीच्या प्रत्येक पत्रकावर रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत शेजारी शेजारी छापा, ज्या वित्तसंस्थेशी तुमचा करार आहे तो पालक-शिक्षक संघापुढे ठेवा, कर्ज नाकारणाऱ्या पालकास तुमच्याकडेच किमान चार हप्त्यांची मुभा द्या, मुलाने संस्था सोडली तर परतीची रक्कम आधी कर्जखाती जमा करा आणि तसा दाखला पालकास द्या. यातील एकही कलम व्याजाचा दर ठरवीत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या अधिकाराशी त्याचा तंटा होण्याचे कारण नाही. कर्नाटकाने २०२५ च्या फेब्रुवारीत सूक्ष्मकर्जाच्या वसुलीतील जबरदस्तीविरुद्ध वटहुकूम काढला, त्यातही दराच्या वाटेला न जाता वर्तनावर बोट ठेवण्याची हीच युक्ती मला दिसते.

साशंक : युक्ती चांगली आहे, तिचा भार कोणावर पडतो तेवढे पाहू. आपण मोठ्या, वातानुकूलित शाळांचा विचार करीत आहात. मी तालुक्याच्या गावातील विनाअनुदानित शाळेचा करतो, जिथे शिक्षकाचा पगार फीतूनच होतो आणि फी उशिरा आली की पगार उशिरा होतो. त्या शाळेने चार हप्त्यांची मुभा द्यायची म्हणजे शिक्षकाने तीन महिने थांबायचे. वित्तसंस्था तिच्या दाराशी आली ती याच अडचणीमुळे. आणि ही अडचण कोणी निर्माण केली? १९८३ च्या सुमारास वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून शिक्षणाचा विस्तार करावयाचा पण खर्च पालकाने करावयाचा, हे धोरण ठरून गेले. चारच वर्षांनी देणग्यांना बंदी करणारा १९८७ चा कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै यांच्या आणि २००५ साली इनामदार यांच्या प्रकरणात संस्थांना फी ठरविण्याचे स्वातंत्र्य दिले, नफेखोरी आणि कॅपिटेशन फी तेवढी निषिद्ध ठेवली, वाजवी शिल्लक राहू दिली. राज्याने पैसा द्यायचे थांबविले आणि त्या जागी नियम द्यायला सुरुवात केली, कारण नियमाला खर्च येत नाही.

पुरस्कर्ता : राज्याने पैसा देणे पुरते थांबविले असे म्हणता येणार नाही. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के माफ झाले. खेड्यातील ज्या मुलीला घरचे लोक अभियांत्रिकीला पाठवायला धजत नव्हते, तिच्या बाबतीत घरातील बोलणे या एका निर्णयाने बदलले आहे. हे मी लहान मानत नाही, आणि आपणही मानू नये.

साशंक : मी मानत नाही. पण माफ झाले म्हणजे ते संस्थेला राज्याने द्यावयाचे झाले, आणि राज्य ते केव्हा देते? शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागांची प्रतिपूर्ती थकल्याची शाळाचालकांची तक्रार दरवर्षीची आहे. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला त्या पंचवीस टक्क्यांतून सूट देण्याचा प्रयत्न केला. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. थकबाकी देण्यापेक्षा गरीब मुलाचा हक्क आखूड करणे ज्या शासनाला सोपे वाटले, ते शासन शाळेला सांगणार की पालकाकडून उशिराबद्दल व्याज घेऊ नकोस. माझे म्हणणे असे की प्रथम राज्याने स्वतःच्या दिरंगाईवर व्याज द्यावे. प्रतिपूर्ती नव्वद दिवसांत झाली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक महिन्यासाठी संस्थेला ठरावीक दराने व्याज, असे एक कलम आपल्या विधेयकात घालाल का?

पुरस्कर्ता : घालीन, पण ते संमत करून घेण्याचे सामर्थ्य एकट्या आमदाराजवळ नाही. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावयास लावणारे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीवाचून संमत होऊ शकत नाही, असे अनुच्छेद २०७ सांगतो; आणि ती शिफारस म्हणजे व्यवहारतः मंत्रिमंडळाची इच्छा. १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी अशी मागणी केली होती की, सरकार अबकारीच्या रूपाने लोकांकडून जेवढे घेते तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे. आणि शिक्षण खाते हे दिले-घेतल्याच्या हिशेबाने चालविण्याचे खाते नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्याजवळ बहुमत नव्हते आणि खजिन्यावर अधिकार नव्हता. त्याआधी गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती कौन्सिलात पडले. सहाच वर्षांत, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी त्याच विचाराचा कायदा मुंबई इलाख्यात संमत करून घेतला, तो नगरपालिकांच्या हद्दीपुरता आणि त्यांच्या इच्छेवर ठेवून. जेवढे हाती होते तेवढे त्यांनी आधी घेतले. म्हणून मी शाळेवरील चार कलमे आधी आणीन, आणि थकबाकीसाठी प्रत्येक अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारीन : योजनानिहाय किती देय आहे, सर्वांत जुनी रक्कम कोणत्या तारखेची आहे, विभागीय समित्यांपुढे किती तक्रारी आल्या आणि किती निकालात निघाल्या.

साशंक : येथेच आपले मार्ग वेगळे होतात. आपली चार कलमे आधी आली आणि थकबाकी तशीच राहिली, तर तालुक्याची शाळा तो भार फीत मिसळील. रोखीची किंमतच १,००,००० होईल, सूट नाहीशी होईल, आणि जो पालक आज ९२,००० भरतो तोही उद्या त्या हप्तेवाल्याचे व्याज भरू लागेल. आपल्या पत्रकावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जातील आणि ते सारखे असतील. मी आमदार असतो तर आधी थकबाकीचा आकडा तारखेसह पटलावर आणविला असता, आणि तो फिटेपर्यंत शाळेकडे बोट दाखविले नसते.

पुरस्कर्ता : आणि तो फिटायला पाच वर्षे लागली, तर त्या पाच वर्षांत ज्या पालकांनी शून्य टक्क्यांच्या कागदावर सही केली, त्यांना आपण काय सांगाल? किंमत वाढेल ही आपली भीती मी नाकारीत नाही. ती वाढली तर ती समितीपुढे यावी लागेल, वाढीचे कारण लिहून द्यावे लागेल, आणि आज जे व्याज सुटीच्या आड लपले आहे ते फीच्या पत्रकावर उघड येईल. तेवढ्याने कोणाचा एक रुपयाही वाचणार नाही, हे मला दिसते. पण भांडायचे कोणाशी हे तरी पालकाला कळेल.

साशंक : कळेल खरे; आणि त्यानंतर त्याला आणखी दोनशे नव्व्याण्णव पालक शोधावे लागतील.